आईबाबा अमेरिकेला निघालेत: प्रवास विमा नेमकं काय देतो आणि काय देत नाही?

शेवग्याची_शेंग | ९ मार्च, रात्री १०:१२

मंडळी, आईबाबा एप्रिलच्या मध्याला दादाकडे एडिसनला निघालेत, सप्टेंबरात परत. तिकिटं झाली, व्हिसा आधीचाच आहे, भाजणी किती किलो न्यायची हेसुद्धा ठरलंय. घोडं अडलंय ते विम्यापाशी.

नाशिकच्या ज्या एजंटकाकांकडे आमच्या गाडीची पॉलिसी असते, त्यांनी फोनवर दोन मिनिटांत विषय संपवला. "पन्नास हजार डॉलरचं काढून टाकू, सगळं कव्हर आहे." सगळं म्हणजे काय विचारलं, तर म्हणाले, "अहो, सगळं म्हणजे सगळं." मी हट्टाने पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग मागवलं. ४१ पानं आली. दोन रात्री तेच वाचतेय. पहिल्या पानावर ५०,००० डॉलर हे ठळक अक्षरांत, आणि बाविसाव्या पानावर बारक्या टायपात एक तक्ता: साठीच्या पुढच्या माणसाला खोलीचं भाडं दिवसाला इतकंच, आयसीयू इतकंच, सर्जनची फी इतकीच, भूलतज्ज्ञाला सर्जनच्या फीचा चौथा हिस्सा. सगळं जास्तीत जास्त धरून मी बेरीज केली, तरी पन्नास हजारांच्या जवळपास पोचत नाही.

बाबा ६९, जूनमध्ये सत्तर पूर्ण. बीपी आणि शुगर गोळ्यांवर, २०१७ साली हृदयात एक स्टेंट. आई ६४, थायरॉइडची गोळी सोडली तर ठणठणीत.

प्रश्न असे: इथून काढायचा की तिथल्या कंपनीचा? 'प्री-एक्झिस्टिंग', म्हणजे पूर्वीचा आजार, या शब्दाखाली नेमकं काय काय बसतं? आणि बाबा म्हणताहेत, "स्टेंटचं कशाला लिहायचं? इतकी वर्षं झाली, मला काही होत नाही." यावर काय सांगू?

घाटमाथा | ९ मार्च, रात्री १०:४०

वाचतोय. दिवाळीत आमचंही निघायचं चाललंय. जाणकार येतीलच.

जुना_विमेकरी | १० मार्च, सकाळी ७:०५

शेंगताई, बाविसाव्या पानापर्यंत पोचलात, हेच फार झालं. सरकारी विमा कंपनीत क्लेम खात्यात माझी ३१ वर्षं गेली. पॉलिसी घेताना ते पान वाचलेलं माणूस क्वचित भेटलं. क्लेम नाकारल्यावर मात्र सगळे वाचतात.

पहिल्या पानावरचा आकडा म्हणजे छत. छत उंच असलं म्हणजे घर मोठं असतं असं नाही. आत भिंती कुठे घातल्यात ते बघायचं, आणि त्या भिंती म्हणजे तुमचा तो तक्ता. आम्ही त्याला सब-लिमिट म्हणायचो. बहुतेक भारतीय कंपन्यांत साठीनंतर तो लागतो. काही कंपन्या जास्त हप्ता घेऊन सब-लिमिट नसलेली पॉलिसी देतात, एजंटला सरळ तीच मागा. तो सांगणार नाही, कारण स्वस्त पॉलिसी पटकन खपते. शिवाय डिडक्टिबल असतोच. दर क्लेमला पहिले अमुक डॉलर तुमचे, मग कंपनीचे.

आता पूर्वीचा आजार. इथल्या मेडिक्लेममध्ये पूर्वीच्या आजाराला थांबायची मुदत असते, २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं. ती उलटली की कव्हर मिळतं. प्रवास विम्यात ही सोयच नाही, कारण पॉलिसीच मुळात काही महिन्यांची. त्यामुळे बीपी, शुगर, स्टेंट आणि त्यांच्यापासून उद्भवलेलं जे काही असेल ते बहुतेक ठिकाणी बाहेर. बऱ्याच पॉलिसींत एक खिडकी उघडी ठेवलेली असते: जीवावर बेतलं तर जीव वाचवण्यापुरता खर्च, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत. रुग्ण स्थिर झाला की ती खिडकी बंद. पुढची तपासणी, नवा स्टेंट 'आता करूनच टाकू' म्हणून घालणं, हे तुमच्या खिशातून.

आणि एक. आईंच्या थायरॉइडचीही नोंद करा. पूर्वीचा आजार म्हणजे मोठा आजार, असा लोकांचा समज असतो. रोजची एक गोळी चालू असेल तर तोही आजारच.

तिरकस | १० मार्च, सकाळी ११:२०

एवढं कोण बघतं हो? मी वडिलांना तीनदा पाठवलं, फॉर्मवर सगळीकडे 'नाही' टिक केलं. काही झालं नाही. कंपनीला काय स्वप्न पडणार आहे का स्टेंटचं?

जर्सीची_आत्या | १० मार्च, रात्री ८:५५

तिरकसभाऊ, तुमचा विमा वापरायची वेळच आली नाही, म्हणून काही झालं नाही. आमच्यावर ती आली, सविस्तर सांगते.

सासरे आले होते, वय ७२. पाडव्याचा दिवस. रात्री दोनला उठून बसले, छातीत जड वाटतंय म्हणाले, अंगाला घाम. आम्ही ९११ लावला. ॲम्ब्युलन्स, इमर्जन्सी. तिथे नर्सने पहिल्या पाच मिनिटांत काय विचारलं माहिती आहे? "याआधी हृदयाचं काही झालंय का? कुठल्या गोळ्या घेता?" आणि सासऱ्यांनी स्वतः पिशवीतून गोळ्यांचा डबा काढून तिच्या हातात दिला. सोमवार ते रविवार, सकाळ-संध्याकाळ खण असलेला. मी दुभाष्याचं काम करत होते. "दहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी," हे मीच माझ्या तोंडाने इंग्रजीत सांगितलं. ते तिने टाइप केलं. झालं. स्वप्न बिप्न काही लागत नाही, पहिल्याच पानावर नोंद असते. आणि अशा वेळी डॉक्टरपासून काही लपवायचं नसतंच.

हार्ट ॲटॅक नव्हता. रक्ताच्या तपासण्या दोनदा केल्या, एक रात्र देखरेखीखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. विमा सोलापूरहून काढलेला होता. कंपनीने सोलापूरच्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र मागितलं, जुन्या फाइली मागितल्या, फॉर्मवर उल्लेख का नाही ते लेखी मागितलं. पाच महिने ईमेल चालू होते. शेवटी एक पैसा मिळाला नाही.

आणि बिलं! बिल एक येतं असं समजू नका. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीच्या डॉक्टरचं वेगळं, ज्याला आम्ही पाहिलंही नाही त्या रेडिओलॉजिस्टचं वेगळं, ॲम्ब्युलन्सचं वेगळं. चौथं पाकीट आलं तेव्हा सासरे परत जाऊन महिना झाला होता. कॅशलेस या शब्दावर फार विसंबू नका. इथल्या काउंटरवरच्या बाईने आपल्या कंपनीचं नावही ऐकलेलं नसतं. पॉलिसीवर जो मदतकेंद्राचा नंबर असतो, त्यावर लगेच फोन करून केस नोंदवायची आणि क्लेम नंबर लिहून घ्यायचा. बहुतेक ठिकाणी ॲडमिट झाल्यापासून २४ तासांत कळवा असं असतं. आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केला, त्यावरूनही एक ईमेल झालीच.

एकच चांगलं: इमर्जन्सीत विमा आहे का, पैसे आहेत का म्हणून तुम्हाला दारातून परत पाठवत नाहीत. इथे १९८६ पासून तसा कायदा आहे, आधी तपासून रुग्ण स्थिर करावाच लागतो. पण तो कायदा उपचाराचा, बिलमाफीचा नाही. बिलावर मात्र घासाघीस होते. बाबवार बिल मागा, हप्ते मागा, मदतीचा फॉर्म मागा. आम्हाला बरीच सूट मिळाली.

तिरकस | १० मार्च, रात्री ९:३०

बरं बाई, चुकलो.

जुना_विमेकरी | ११ मार्च, सकाळी ६:५०

चुकलात असं नाही, नशीबवान ठरलात. आत्याबाईंच्या केसमध्ये एक बारकावा आहे. समजा सासऱ्यांना हृदयाचं काही न होता ते जिन्यावरून पडून हाड मोडलं असतं. पूर्वीच्या आजाराशी त्याचा संबंध नाही, कव्हर होतं. पण फॉर्मवर खोटं लिहिलेलं निघालं की त्याही क्लेमवर प्रश्नचिन्ह लागतं. खरं लिहिलं तर हृदय बाहेर राहील, बाकीचं शाबूत. खोटं लिहिलं तर हृदय बाहेर राहतंच, वर बाकीचंही टांगणीला. हा हिशेब बाबांना सांगा, शेंगताई. मोठ्या माणसांना नीतीपेक्षा हिशेब लवकर पटतो.

शेवग्याची_शेंग | ११ मार्च, रात्री १०:३०

सांगितला. बाबा गप्प बसले, म्हणजे निम्मं पटलंय. आत्या, तुम्ही तिथल्या कंपन्यांचं काही बोलला नाहीत. दादा दोन प्लॅनच्या लिंका पाठवून मोकळा झालाय. एक दुसऱ्याच्या निम्म्या किमतीत आहे आणि दोन्हीवर १,००,००० लिहिलंय.

डलासकर | १२ मार्च, पहाटे ५:१५

यात मी दोनदा हात पोळून घेतलेत, त्यामुळे मीच लिहितो. स्वस्तवाला 'फिक्स्ड' असणार, महागवाला 'कॉम्प्रिहेन्सिव्ह'. फरक आकड्यांत सांगतो, आकडे समजा म्हणून धरा.

हॉस्पिटलचं बिल २०,००० डॉलर. फिक्स्ड प्लॅन म्हणतो, खोलीचे दिवसाला १,५०० देईन, इमर्जन्सीचे ५००, स्कॅनचे ६००. तीन दिवस राहिलात तर ४,५०० अधिक १,१००, म्हणजे ५,६००. उरलेले १४,४०० तुमचे. एक लाखाचं कव्हर तसंच कपाटात.

कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतो, पहिले २५० तुम्ही भरा, पुढच्या ५,००० मधले ८० टक्के मी भरीन, त्यानंतरचं सगळं माझं, कमाल मर्यादेपर्यंत. म्हणजे तुमचे २५० अधिक १,०००, एकूण १,२५०. शिवाय यांचं नेटवर्क असतं, म्हणजे कंपनीशी दर ठरलेल्या हॉस्पिटलांची यादी. त्यातल्या हॉस्पिटलात गेलं तर मूळ बिलच आधी ठरलेल्या दराने लागतं. घराजवळचं कुठलं हॉस्पिटल आणि कुठलं अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ तातडीच्या तक्रारींचा दवाखाना, नेटवर्कमध्ये आहे ते आधीच शोधून फ्रिजवर चिकटवा. सर्दी-ताप, कान दुखणं, पाय मुरगळणं याला अर्जंट केअर. इमर्जन्सीत पाऊल टाकलं की मीटर वेगळ्याच वेगाने पळतं, आणि काही प्लॅन ॲडमिट न करता घरी पाठवलं तर वरचा जादा डिडक्टिबलही लावतात.

आता बाबांचं. इथल्या प्लॅनमध्ये 'अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन्स' नावाचं कलम असतं. मराठीत सांगायचं तर जुन्या आजाराने अचानक, काही पूर्वसूचना न देता उचल खाल्ली, आणि तुम्ही साधारण २४ तासांच्या आत उपचार घेतलेत, तर कव्हर. चार दिवस दम लागत होता, पाचव्या दिवशी गेलो, असं सांगितलंत तर नाही. शुगर हळूहळू वाढत गेली, तर नाही. नेहमीच्या गोळ्या, नेहमीची तपासणी, कधीच नाही. आणि या कलमाला वयाची अट असते, कुठे ७०, कुठे ८०. तुमच्या बाबांची सत्तरी जूनमध्ये, म्हणजे मुक्कामाच्या ऐन मध्यावर. वय पॉलिसी सुरू झाल्याच्या दिवशीचं धरतात की आजारी पडल्याच्या दिवशीचं, हे कंपनीला ईमेलने विचारा. फोनवर नको, ईमेलच.

भारतीय पॉलिसी निघण्याआधीच काढावी लागते. इथली आल्यावरही काढता येते, पण मधल्या दिवसांत काही झालं तर ते पूर्वीचंच धरतील. विमान सुटण्याच्या तारखेपासून घ्या.

अवांतर: गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या घेऊन या, मूळ पाकिटांत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. भारतातली चिठ्ठी इथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही.

घाटमाथा | १२ मार्च, सकाळी १०:०२

मध्येच विचारतो, आमचं युरोपचं आहे. तिथेही हाच घोळ?

जुना_विमेकरी | १२ मार्च, दुपारी १२:३०

तिथे घोळ कमी, कारण व्हिसा देणाऱ्यांनीच अट घातली आहे. शेंगेनला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाला, किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं. तातडीचा उपचार, हॉस्पिटल, आजारपणामुळे परत आणणं आणि मृत्यू झाल्यास पार्थिव आणणं, हे त्यात हवं, आणि सगळ्या शेंगेन देशांत, पूर्ण मुक्कामभर. पण ही अट व्हिसापुरती आहे, पूर्वीचा आजार आणि वयाचा तक्ता तिथेही वाचावाच लागतो. लंडनही करणार असाल तर ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, पॉलिसीत ते येतं का बघा. व्हिसा नाकारला गेला तर बहुतेक कंपन्या थोडे पैसे कापून पॉलिसी रद्द करून देतात. विमानाचे आणि हॉटेलचे पैसे मात्र व्हिसा नाकारला म्हणून सहसा मिळत नाहीत. ट्रिप रद्द होण्याच्या कव्हरमध्ये कारणांची यादी असते, जवळच्या माणसाचा मृत्यू, स्वतःचं गंभीर आजारपण अशी. 'मन बदललं' हे कारण कुठल्याही यादीत मी पाहिलेलं नाही.

सह्यवेडा | १२ मार्च, रात्री ११:४८

ट्रेकवाल्यांसाठी भर घालतो. नेपाळ म्हणजे परदेश, हे आपण सोयीने विसरतो. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत गिर्यारोहण हे साहसी प्रकारांत टाकून वगळलेलं असतं, आणि जिथे ट्रेक घेतात तिथे उंचीची मर्यादा लिहिलेली असते. आमच्या ग्रुपमधल्या एकाची पॉलिसी ४,५०० मीटरला संपत होती. म्हणजे गड्याला वाटेतल्या, खालच्या नामचेला ताप आला तर कव्हर, बेस कॅम्पजवळच्या गोरक्षेपला डोकं धरलं तर नाही. विरळ हवेने त्रास होतो तो नेमका त्या वरच्या भागात!

हेलिकॉप्टर बोलवायच्या आधी विमा कंपनीच्या मदतकेंद्राची परवानगी लागते, जीव अगदी धोक्यात नसेल तर. किरकोळ डोकेदुखीवर हेलिकॉप्टर बोलवायचं आणि विमा कंपनीला बिल लावायचं, हा धंदा नेपाळात २०१८ साली उघडकीला आला, सरकारने चौकशी समिती नेमली. तेव्हापासून कंपन्या या क्लेमकडे संशयानेच बघतात. वाटाड्या फार आग्रह करत असेल तर आधी आपण फोन लावायचा.

थायलंडला भाड्याची स्कूटर घेणाऱ्यांनीही जपून. परवान्यावर दुचाकीची नोंद नसेल किंवा पोटात बिअर असेल, तर अपघाताचा क्लेम विसरा.

जर्सीची_आत्या | १३ मार्च, सकाळी ८:१५

बॅगेचंही सांगून टाकते. बॅग आली नाही तर विमानतळाच्या बाहेर पडायच्या आधी एअरलाइनच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे बॅग न मिळाल्याची लेखी नोंद, करून घ्या. तो कागद नसेल तर विमावाले दारात उभं करत नाहीत. मोडलेल्या बॅगेची तक्रार सात दिवसांत, उशिरा मिळालेलीची २१ दिवसांत, लेखी. आंतरराष्ट्रीय करारानुसार एअरलाइनची जबाबदारी १,५१९ एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) असते, हा आकडा २०२४ च्या डिसेंबरअखेरीस वाढला. आधी एअरलाइनकडे मागायचं, मग विम्याकडे. चेक-इन बॅगेत सोनं, रोकड, लॅपटॉप ठेवला असेल तर विसरा. आणि गंमत म्हणजे, बॅग उशिरा आल्याचे पैसे बऱ्याच भारतीय पॉलिसींत फक्त जाताना. येताना मुंबईला बॅग अडकली तर म्हणतात, घरी आलात ना, कपडे आहेत की तुमच्याकडे.

घाटमाथा | १३ मार्च, सकाळी ९:४०

आणि क्लेम नाकारलाच तर? वकील?

जुना_विमेकरी | १३ मार्च, सकाळी १०:१०

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल. पुण्यातही कार्यालय आहे, मुंबईतही. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं. ५० लाखांपर्यंतचा आदेश ते देऊ शकतात, आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. हे भारतीय पॉलिसीला. अमेरिकन कंपनीची पॉलिसी घेतलीत तर इथला लोकपाल उपयोगाचा नाही, हेही तराजूत टाका.

कागद नीट असले की तिथे खरंच ऐकून घेतात. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायचो, आमच्याविरुद्ध निकाल गेलेले बरेच पाहिलेत. काही तर योग्यच होते.

शेवग्याची_शेंग | २८ मार्च, रात्री ९:२०

झालं बाबा एकदाचं. आईचं इथूनच काढलं, सब-लिमिट नसलेलं. बाबांचं अमेरिकन कॉम्प्रिहेन्सिव्ह, अक्यूट ऑनसेटची मर्यादा ८० वर्षांची. वयाबद्दलच्या ईमेलला चौथ्या दिवशी उत्तर आलं: पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशीचं वय. प्रिंट काढून ठेवलंय. हप्ता आईच्या दुपटीहून जास्त. बाबांनी आकडा ऐकून चष्मा काढून पुसला.

डलासकर, अमेरिकन फॉर्मवर तर आजार विचारलेच नाहीत, पूर्वीचा आजार ते सरळ कलमातच बाहेर काढतात. त्यामुळे लिहायचं की नाही हा वादच उरला नाही! पण बाबांनी मग एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात सगळं लिहिलं: गोळ्यांची नावं, डोस, स्टेंटची तारीख, डॉक्टरांचा नंबर, पॉलिसी नंबर, मदतकेंद्राचा नंबर. दोन झेरॉक्स. एक पासपोर्टच्या कव्हरात, एक आईच्या पर्समध्ये. मूळ प्रत शर्टाच्या खिशात.

शेवग्याची_शेंग | २१ जून, रात्री ११:०५

धागा वर काढतेय. बाबांचं हृदय, शुगर, बीपी सगळं ठीक, सत्तरी काल साजरी झाली. चिक्की खाताना दाढेतलं जुनं सिमेंट निघालं. डेंटिस्टने सांगितलेला आकडा ऐकून दादानेच पॉलिसी उघडली. दातांचं कलम असं: अपघाताने इजा झाली तर, किंवा अचानक तीव्र वेदना असतील तर, ठरावीक मर्यादेपर्यंत.

बाबांना विचारलं, दुखतंय का? म्हणाले, "अजिबात नाही." दादा म्हणतो, हाच तर प्रॉब्लेम आहे.

सध्या डाव्या बाजूने जेवताहेत. नाशिकच्या डेंटिस्टकडे सप्टेंबरची वेळ घेऊन ठेवली आहे.